पीठ पडलं का गं?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, ते मला विचारू नका. मी आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "गिरणी यायच्या आधीची." आणि गिरणी कधी आली, असं विचारलं तर म्हणाली, "धुर्पाबाई गेल्यानंतर." आता घ्या! तेव्हा तुम्ही तसंच समजून चाला आणि जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ द्या.

तर आपल्या या कोळदऱ्यात तेव्हा घरोघरी जातं होतं. पहाट झाली की बायका दळायला बसायच्या आणि गावभर घरघर सुरू व्हायची. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग दाणा नुसताच फिरतो, पीठ पडत नाही. अशा वेळी छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला पुन्हा खरबरीत करावं लागतं. त्याला टाकी लावणं म्हणतात. हे काम करायची पाथरवटाची धुर्पाबाई. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी, नवरा कधीच गेलेला. राहायची वेशीजवळ, एका खोपटात.

गावातल्या प्रत्येक जात्याला तिचा हात लागलेला होता. त्यामुळे ती नुसत्या आवाजावरून जातं ओळखायची, असं म्हणतात. आणि जातंच नाही, आत काय चाललंय तेही! भिंतीपलीकडून जाता जाता ओरडायची, "ए सोने, खुंटा हललाय गं, ठोकून घे!" नाहीतर, "ज्वारी ओली आहे बाई, ऊन दाखव!" दगड जोरात फिरत असला तर ओळखायची की आज सासूशी वाजलंय. सुना तिला वचकून असायच्या. मी आजीला खोदून खोदून विचारलं, की हे खरं कसं असेल? आजी म्हणाली, "तुला तुझ्या आईची पावलं ओळखू येतात की नाही? मग झालं तर."

एका वर्षी पावसाळा सरता सरता मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, मान आणि अंग मोडून यायचं, आणि चार दिवसांत माणूस इकडे तरी नाहीतर तिकडे. पहिल्या आठवड्यातच गावातली सहा तरणी माणसं गेली. लोकांची दातखीळ बसली. प्लेगच्या वेळी गाव सोडून रानात झोपड्या घातल्या होत्या, तेवढाच उपाय लोकांना ठाऊक. तसंच केलं. लेकरंबाळं, गुरंढोरं घेऊन सगळे रानात गेले. मागे राहिल्या त्या म्हाताऱ्या. कुणाला चालवत नव्हतं, कुणी घर सोडायला तयार नव्हती, आणि कुणाला, खरं सांगायचं तर, कुणी चल म्हणालंच नव्हतं. अकरा जणी होत्या म्हणे. अकरा घरं, अकरा लावलेली दारं, आणि कुणी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.

त्यांतली कोंडाबाई गेली. नुसती गेली असं नाही. ती गेलेली तिसऱ्या दिवशी कळली.

धुर्पाबाईने कपाळ बडवून घेतलं. पारावर येऊन, सगळ्यांच्या दारांना ऐकू जाईल अशी ओरडली, "मला ठाऊक होतं गं! तीन दिवस मी तिच्या भिंतीजवळून पाण्याला गेले. तीन दिवस तिचं जातं गप्प होतं. ह्या कानांनी ऐकलं आणि तशीच पुढे गेले मी! भ्याले. आता ऐका सगळ्याजणी. पीठ लागो न लागो, रोज पहाटे एक मूठ दाणे घालायचे आणि जातं फिरवायचं. मी ऐकत येईन. जिचं जातं गप्प, तिच्या दारात मी जाणार. मग मला ताप येवो नाहीतर काही होवो."

असं ते सुरू झालं. पहाटे धुर्पाबाई पदर तोंडावर बांधून भिंतीभिंतीने चालायची. जातं ऐकू आलं की पुढे. नाही आलं, की बाहेरून हाक मारायची, "पीठ पडलं का गं?" आतून "पडलं, पडलं" असं आलं तर ठीक. नाहीतर दार ढकलून आत.

आणि आत गेल्यावर? एकटी ती काय काय करणार? म्हणून कामं वाटली गेली. अनशीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण दंडात बैलाचं बळ. ती तापाने पडलेल्यांचं दळण दळायची. सालूबाई अडुळशाचा काढा करायची आणि दारादारात ठेवून दहा पावलं मागे सरून बघत उभी राहायची. समोरची तोंड वाकडं करून पिईपर्यंत हलायची नाही. "थुंकलीस तर उद्या दुप्पट आणीन," म्हणायची. पाणी, पेज, पाय चेपणं, केस विंचरणं, सगळं आळीपाळीने चालायचं. रानातून पोरं वेशीवर दाणे ठेवून जायची, ते वाटायचं काम धुर्पाबाईचं. तिने दहा वाटे घातले, पण वाटा घेणाऱ्या नऊच. दहावी घेईना.

ती दहावी म्हणजे ठकूबाई.

ठकूबाईला ना मूल ना बाळ. उंच, ताठ आणि जिभेने तिखट. धुर्पाबाईशी तिचा नऊ वर्षांचा अबोला होता. कारण काय, तर टाकी लावल्यावर ठकूबाईची भाकरी कचकचली. पाहुणे जेवत होते, त्यातल्या एकाचा दात दुखावला, आणि भर पंगतीत ठकूबाईची शोभा झाली. आता टाकी लावली की दगडाची कच पिठात येतेच. म्हणून पहिलं दळण टाकून द्यायचं असतं, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. ठकूबाई म्हणाली, मी टाकलं होतं, हिच्याच हाताला वळण नाही. धुर्पाबाई म्हणाली, तू टाकलं नव्हतंस. झालं! नऊ वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हा वेशीवरचे दाणे धुर्पाबाईच्या हातून घेणार कोण? "माझी कणगी भरलेली आहे. त्या टाकीवालीचा दाणा मला नको," असं तिने सालूबाईला सांगून टाकलं. आणि तिचं जातं तर रोज पहाटे घरघरत होतं, चांगलं दणक्यात. म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

मग धुर्पाबाईच पडली. तापाने सहा दिवस तिला शुद्ध नव्हती. अनशी आणि सालूबाई आलटूनपालटून उशाशी बसल्या. सातव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "आज जाती का बंद गं सगळी?" सालूबाई म्हणाली, "बंद कुठे? चालूच आहेत की!" धुर्पाबाई तिच्या ओठांकडे बघत राहिली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. ताप गेला तो कान घेऊन गेला.

त्या दिवशी धुर्पाबाई रडली. कान गेले म्हणून नव्हे. "आता पुढची कोंडाबाई मला कशी कळणार?" असं म्हणून रडली.

इथून पुढचं कसं झालं, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही, म्हणून मी सांगते तेवढंच ऐका. दुसऱ्या पहाटे ती काठी टेकत उठली आणि सवयीने चालत अनशीच्या घराशी आली. तोल गेला म्हणून तिने भिंतीला हात टेकला, आणि तिच्या तळव्याला जातं ऐकू आलं. असं म्हणतात. भिंत थरथरते म्हणून कळलं असेल, असं शाळेतले मास्तर म्हणतात. असेल. पण मी स्वतः अशा भिंतीला हात लावून पाहिलाय, आणि मला माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. तुम्ही करून बघा.

तर ती हात टेकत टेकत निघाली. हे सालूचं, हे तिच्या शेजारणीचं. सगळी ठीक. शेवटी ठकूबाईची भिंत आली. नऊ वर्षांत तिला शिवली नव्हती. तिथे तिने तळवा ठेवला आणि जागची हलेना. मागून सालूबाई आली आणि खुणेने सांगू लागली, अगं चालू आहे, जोरात चालू आहे, चल. धुर्पाबाईने मान हलवली.

"दगडाला दगड घासतोय," ती म्हणाली. "मधे दाणा नाही."

सालूबाईचा विश्वास बसेना. रिकामं जातं कुणी फिरवतं का? दगडाचं वाटोळं होतं आणि घरात अवदसा येते, म्हणून मुलांनी खेळताना फिरवलं तरी पाठीत धपाटा मिळायचा. ते ठकूबाईसारखी बाई फिरवील, हे मनातसुद्धा येणार नाही. तसा त्या जात्याचा आवाज थोडा कर्कश होता, पण मालकिणीचाही कर्कशच होता की!

धुर्पाबाई दाराशी गेली आणि ओरडली, "ठकू, पीठ पडलं का गं?"

आतून आवाज आला, "पडलं! ढीगभर पडलं! चालती हो माझ्या दारातून!"

सालूबाईने ते ऐकलं आणि ती मागे सरली. इतक्या वर्षांचं वैर, त्यात एवढं झिडकारल्यावर कोण आत जाईल? धुर्पाबाईचे कान असते तर तीही गेली नसती. गेलीच नसती. तिचाही स्वाभिमान काही कमी नव्हता. पण तिला ते ऐकूच आलं नाही. तिच्यापुरतं दार गप्प होतं. आणि गप्प दार दिसलं की काय करायचं, ते तिचं ठरलेलं होतं. तिने कमरेची छिन्नी काढली, कडी बसवलेल्या दगडावर तीन घाव घातले, आणि दार उघडलं.

ठकूबाई जात्यापाशी आडवी पडली होती. एक हात खुंट्यावर. अंग तव्यासारखं तापलेलं. कणगी पालथी घातलेली, आत एक दाणा नाही. चार दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. पण आपलं जातं गप्प पडलं तर ती टाकीवाली दारात येईल, आणि तिच्यापुढे हात पसरावा लागेल, म्हणून ही बाई तापात पडल्या पडल्या रिकामं जातं फिरवत होती. काय म्हणावं या हट्टाला!

तिला बघून ठकूबाईने शिव्या द्यायला सुरुवात केली. धुर्पाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "बोल, बोल. ओठ हलतायत, म्हणजे जीव आहे," असं म्हणून ती तिला चमच्याचमच्याने पेज भरवू लागली. ठकूबाई शिवी द्यायला तोंड उघडायची, आणि पेज आत जायची. अशी निम्मी वाटी संपली, आणि मग ठकूबाई शिव्या थांबवून रडायला लागली.

पंधरा दिवसांनी ती उठून बसली. रिकामं फिरवून जातं अगदी गुळगुळीत झालं होतं. धुर्पाबाईने न विचारता छिन्नी-हातोडी काढली आणि टाकी लावली. नऊ जणींनी एकेक मूठ दाणे आणले. ठकूबाई दळायला बसली. पहिलं पीठ पडलं. तिने ते सुपात भरलं, धुर्पाबाईचा हात धरून तिला अंगणात नेलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळं पीठ उकिरड्यावर टाकलं. मग स्वतःकडे बोट केलं, नऊ बोटं दाखवली आणि नकारार्थी मान हलवली.

नऊ वर्षांपूर्वी टाकलं नव्हतं, असं सांगत होती बिचारी. शेरभर ज्वारी वाया जाईल म्हणून.

धुर्पाबाई इतकी हसली, की रानातल्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली, असं म्हणतात. ते हसू ऐकून लोकांना वाटलं, साथ संपली. आणि संपलीही. कोंडाबाईनंतर त्या दहा जणींमधली एकही त्या साथीत गेली नाही. पुढे धुर्पाबाई घरात बसून नुसता जमिनीला हात लावायची आणि सगळ्या गावाचं सांगायची. ती गेली त्या पहाटे गावात कुणी दळायला बसलं नाही, तरी ठकूबाईच्या भिंतीला हात लावला तर घरघर कळत होती. कुणाला कळली? ठकूबाईला. ती खोटं बोलत असेल का? आधी बोलली होती खरी, पण पीठ उकिरड्यावर टाकल्यानंतर नाही, असं माझी आजी म्हणायची.

आता गिरणी आली, जाती माळ्यावर गेली. पण कोळदऱ्यात अजूनही म्हातारी म्हातारीला भेटली की "बरी आहेस का" असं विचारत नाही. "पीठ पडलं का गं?" असंच विचारते. आणि त्याची एक रीत आहे. समोरचीने "पडलं" म्हणून सांगितलं, तरी विचारणारीने बहिरं व्हायचं. ऐकूच आलं नाही असं करायचं आणि आत जाऊन चूल बघायची, डबा उघडून बघायचा, कपाळाला हात लावायचा. रागावली तर रागावू द्यायचं.

परवाच्या कोरोनात तुमच्या सिंधूकाकूने माझ्या दारातून हाक मारली होती. मला दोन दिवस ताप होता. पोरगा शहरात अडकलेला. उगाच लोकांना घोर नको म्हणून मी आतून ओरडले, "पडलं गं, पडलं! तू जा घरी!"

मला वाटलं, गेली. मग कडी वाजली आणि तोंडाला रुमाल बांधलेली सिंधू आत येऊन म्हणाली, "काय म्हणालीस? मला बाई ऐकू नाही आलं."