ठकाईचे सात दिवस

ऐका रे बाळांनो, ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट, घाटात सडक नव्हती तेव्हाची. आमच्या उंबळवाडीत ठकाई नावाची एक विधवा राहायची. रानातलं मोहोळ ती उघड्या हातांनी मडक्यात उतरवून आणायची, आणि एक माशी तिला डसायची नाही, असं म्हणतात.

पण आणलेलं मोहोळ गावात टिकेल तर शपथ! पहिलं आठ दिवसांत उडालं. डोंगळे चढत असतील म्हणून तिनं मडक्याखालच्या तिवईचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. दुसरंही उडालं. ऊन लागत असेल म्हणून तिसरं फणसाच्या सावलीत ठेवलं. तेही गेलं, आणि मडक्याखाली ओंजळभर माश्या मरून पडल्या.

झालं! गावाला बोलायला तेवढंच हवं होतं. "पांढऱ्या पायाची मेली!" पाटलानं तर बजावलंच, "ठके, चौथं उडालं तर तूही गावाबाहेर."

ठकाईला माहेर उरलं नव्हतं. जाणार कुठं बिचारी? रानात लाकडाला जायचं सोडून ती चौथ्या मडक्यापुढं ठाण मांडून बसली. दिवेलागणीला पाटलीणबाई धुपाटणं घेऊन आली. नवी सून येवो की नवी गाय, आमच्याकडे तिला धूप दाखवायची रीत. तीच रीत ती मडक्यापुढं रोज पाळत होती, ठकाई रानात असताना. धूर आला की वणवा लागला समजून माश्या घर सोडत होत्या.

ठकाईनं पाय धरले. "बाई, धूर नको हो. अजून रुळल्या नाहीत त्या."

"देवाचा धूप बाधतो म्हणे! मग बाधा कुणाची ते कळलंच," पाटलीणबाई कडाडली आणि तिनं मूठभर ऊद आणखी टाकला.

माश्या उठल्या. सकाळी ठकाईला हाकललं. ती घाट चढत असताना चारही मोहोळं तिच्या डोक्यावर सावली धरून चालली होती, असं म्हणतात.

त्यानंतर सात वर्षं उंबळवाडीत भोपळासुद्धा धरला नाही. फुलं यायची आणि गळायची. तेव्हा कुठं गाव तिला शोधायला निघालं. कड्यावर मधानं थबथबलेलं तिचं जुनेर मिळालं. ती काही मिळाली नाही.

आजही कुणी नवं मोहोळ बसवलं की सात दिवस त्या आळीत चूल पेटत नाही. लोक दुसऱ्या आळीतून आलेली गार भाकरी खातात आणि पहिला तुकडा ठकाईच्या नावानं बाजूला काढतात. तिला हाकललं त्या सकाळी मात्र वाटेत खायला एक भाकरी कुणी बांधून दिली नव्हती.