काचेआडची कसर

दामोदरपंत वारले आणि त्यांनी जमवलेले जुने इतिहासग्रंथ संग्रहालयात काचेआड मांडले गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्या पत्नी अंबूताई वेखंडाच्या पुरचुंड्या घेऊन तिथे गेल्या. कसर लागू नये म्हणून घरी त्या दरवर्षी पुस्तकांत वेखंड ठेवत.

"बाई, हे तुमचं घरचं कपाट नाही," संचालक चारचौघांत म्हणाले. "या पेटीत मुंगीसुद्धा शिरत नाही."

अंबूताईंनी एका ग्रंथाखाली सांडलेला पिवळट भुसा दाखवला.

"मग साहेब, कसर काय तिकीट काढून आत गेली?"

संचालकांनी किल्ली मागवली. अंबूताईंनी हलकेच पहिलं पान उघडलं. पंतांच्या सहीतलं फक्त 'दामो' उरलं होतं. त्यांनी पुरचुंडी तिथेच ठेवली.