सात चौक्या आणि महाराजांचा घास

दरबारच्या संगणकावर एक पत्र उघडायला सकाळची दुपार व्हायची! महाराज शूरजित चिडले, की नवं यंत्र घेत. पहिलं टेबलावर मावलं, दुसऱ्याला खोली लागली, तिसऱ्यासाठी भिंत पाडली. पत्र आपलं दुपारीच उघडायचं.

शेवटी महाराजांनी संगणक चालवणाऱ्या सगुणाला समोर उभं केलं. "उद्या संध्याकाळपर्यंत हे यंत्र झपाझप चाललं पाहिजे. नवं मिळणार नाही. आतली एकही चौकी काढायची नाही. जमलं नाही, तर संस्थानाबाहेर चालती हो."

चौक्यांची गोष्ट अशी. संगणक आला तेव्हा संस्थानचे सात मानकरी रुसले. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून डोकी फोडणारी ही मंडळी. आमच्या मानाशिवाय काम करणारं यंत्र कसलं, म्हणाली. महाराजांनी लाड पुरवले. यंत्राचा आतला कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टीम, तिची मांडणीच बदलून घेतली. आत सात कोठड्या आणि प्रत्येकीत एकेका मानकऱ्याच्या नावाची चौकी. पत्रातलं एक अक्षर पहिल्या कोठडीत जायचं, 'हरकत नाही' घेऊन मागे यायचं, मग दुसरीत जायचं. सातवी झाली, की पुढचं अक्षर निघायचं. यंत्राचं डोकं तोवर माशा मारत बसायचं.

सगुणाने हे तीनदा सांगून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! आता मात्र घरदार सोडायची पाळी आली होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला घेऊन जायचं कुठे?

"जमेल, महाराज," ती म्हणाली. "फक्त उद्याचं जेवण यंत्राच्या रीतीने वाढू द्या."

"वाढ की. जेवायला आम्ही कधी नाही म्हटलंय?"

दुसऱ्या दिवशी महाराज पाटावर बसले. मुदपाकखान्यापासून पाटापर्यंत सात मानकरी ओळीने बसवले होते. सगुणाने वाटीत एकच घास घातला आणि वाढप्याला पिटाळलं. पहिल्या मानकऱ्याने वाटीत डोकावून 'हरकत नाही' म्हटलं. वाढपी मुदपाकखान्यात परत आला, मग दुसऱ्याकडे गेला. तिसरे मानकरी आधी मिशांना पीळ देत, मग बघत. घास पोचला तेव्हा पुरणपोळी गार झाली होती.

"पुढचा?" महाराज म्हणाले.

"निघालाय. पहिल्या चौकीवर आहे."

तिसऱ्या घासाला महाराजांचा पारा चढला. "आचारी झोपलेत का? आणखी दहा आचारी लावा!"

सगुणाने दहा आचारी लावले. मुदपाकखान्यात पोळ्यांची चळत छताला टेकली. पाटावर मात्र तोच गार घास, तेवढ्याच उशिराने.

"अरे, आचारी वाढवून काय उपयोग!" महाराज गरजले. "घासाघासाला कसली हरकत विचारता? ताट एकदाच सातही जणांसमोरून फिरवा आणि आणा इकडे!"

"त्याने कुणाचा मान जाणार नाही ना, महाराज?"

"ताट सगळ्यांनी पाहिलं. मान कसा जाईल?"

"मग हाच हुकूम यंत्राला लावते. चौक्या सातच राहतील, पण एकाच ओसरीवर. अख्खं पत्र एकदाच समोरून जाईल."

महाराजांचा हात ताटावरच थांबला. "म्हणजे तीन यंत्रं घेतली ती..."

"आचारी वाढवले, महाराज."

सगुणाने संध्याकाळपर्यंत मांडणी बदलली. महाराजांनी बोट लावलं आणि पत्र चटकन उघडलं! पहिले मानकरी कासावीस झाले. "अहो, पण एवढ्यात आटोपलं, तर दिवसभर आम्ही करायचं काय?"

"आजवर करत होता तेच करा," सगुणा म्हणाली, "फक्त यंत्राच्या बाहेर बसून."

महाराज इतके हसले, की पगडी मांडीत आली. हसत हसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं आणि यंत्राचा सगळा कारभार तिच्या नावे केला. हुकमाचा कागद त्यांनी सातही मानकऱ्यांसमोरून फिरवला, एकदाच.