सासूबाईंचा हात

जिवबा खोतांच्या घरी भस्मबुवा पाहुणे म्हणून आले आणि ठाण मांडून बसले. तिन्हीसांजेला बंद देवघरात बुवांच्या तोंडून खोतांची मेलेली आई घोगऱ्या आवाजात बोले, आणि खोत लटलट कापत.

एकदा आवाज आला, "बाळा, हे घर बुवांच्या नावे कर."

खोतांची बायको द्वारका हात जोडून म्हणाली, "सासूबाई, बुवांना कसलाच मोह नाही. घर कशाला देता? त्यांनाच तुमच्याकडे न्या."

तिने समई मालवली. काळोखात एका गार, ओल्या हाताने बुवांचं मनगट धरलं.

"मेलो! भूत!" बुवा स्वतःच्याच आवाजात किंचाळले.

खोतांनी दार उघडलं. देवापुढच्या तांब्यात बुडवलेला द्वारकेचा हात अजून निथळत होता.

"रोज आईशी बोलता ना, बुवा?" खोत सावकाश म्हणाले. "मग तिने हात धरल्यावर भ्यालात कशाला?"