डुबकीच्या टबाचा चौथा पाय

ऐका हं.

एक होता टब. आंघोळीचा टब. लोखंडी. जाडजूड. म्हशीएवढा.

त्याला होते चार पाय. साधे नाहीत. सिंहाचे पंजे! प्रत्येक पंजाला मोठ्ठी मोठ्ठी नखं.

टबाला सिंहाचे पाय कशाला? ते टबालाही माहीत नव्हतं.

टब होता फार फार जुना. बाहेरून गंजलेला. आतून टवके उडालेला. पाचगणीला, उतारावर, गुलाबमावशीच्या अंगणात पडलेला. गुलाबमावशी जुने टब नवे करायची. घासायची, रंगवायची, चकाचक करायची. पण या टबाची पाळी काही येतच नव्हती.

टबाच्या तळाशी होतं पाणी. पाण्यात राहायची डुबकी बेडकी.

डुबकी केवढी? चिंचोक्याएवढी.

सकाळी उठली की टबात उडी. डुबुक!
जेवण झालं की उडी. डुबुक!
मधेच, उगाचच, उडी. डुबुक!

एके दिवशी काय झालं?

कट्ट!

टबाचा एक पंजा निखळला. ठणणण! खाली पडला. टब झाला वाकडा. पाणी गेलं भळळळ. पाण्याबरोबर गेली डुबकी.

थप्प! चिखलात.

टब म्हणाला, "माझा एक पाय पडला वाटतं."

"वाटतं काय? पडलाच!" डुबकी म्हणाली.

तिनं टबात बघितलं. पाणी नाही. थेंबसुद्धा नाही. आता राहायचं कुठे? उडी मारायची कुठे?

डुबकीला रडू आलं. तिनं ते गिळून टाकलं. गटक्!

मग ती म्हणाली,

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

आणि निघाली. टप्पक टप्पक टप्पक.

गुलाबमावशी चहा पीत होती.

"मावशी, ए मावशी!"

"काय गं डुबके?"

"माझा टब झाला वाकडा.
तू पंजा बसवशील ना?"

मावशीनं पंजा उचलला. उलटा केला. सुलटा केला. वाससुद्धा घेतला.

"शी बाई! केवढा हा गंज! असला पंजा मी बसवत नाही. कानस गंज काढेल, तरच मी पंजा बसवेन."

"पण मावशी..."

"पण नाही नि बिण नाही."

मावशीनं चहाचा घोट घेतला. फुर्रर्र.

डुबकी रडली का? छे!

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

टप्पक टप्पक टप्पक.

कानस म्हणजे काय? लोखंड घासायची लांब पट्टी. तिला अंगभर दात. ती खिळ्याला लटकत होती.

"कानशीबाई, ए कानशीबाई!"

"काय गं डुबके?"

"माझा टब झाला वाकडा,
मावशी पंजा बसवेना.
तू गंज काढशील ना?"

कानस म्हणाली, "मी? अगं, माझे दात बघ. सगळे बोथट. परवा मला साबण घासता आला नाही. लोहार धार लावेल, तरच मी गंज काढेन."

"थोडासा काढ ना."

"दात नसलेल्या माणसाला चिक्की देतेस का तू?"

डुबकी लगेच वळली.

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

टप्पक टप्पक टप्पक.

लोहारदादा भट्टीपुढे बसला होता. भट्टी थंड. त्यानं शाल पांघरली होती.

"लोहारदादा, अहो लोहारदादा!"

"काय गं डुबके?"

"माझा टब झाला वाकडा,
मावशी पंजा बसवेना,
कानस गंज काढेना.
तुम्ही धार लावाल ना?"

लोहारदादा म्हणाला, "भट्टी बघितलीस? आत मांजर झोपलंय. इतकी गार आहे. भाता वारा घालेल, तरच मी धार लावेन."

"तुम्हीच फुंकून बघा ना!"

लोहारदादानं फुंकलं. फू! मांजर शिंकलं. भट्टी काही पेटली नाही.

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

टप्पक टप्पक टप्पक.

भाता होता कोपऱ्यात. चामड्याचा, ढेरपोट्या. भट्टीला वारा घालणारा. पण त्याचं पोट गेलं होतं आत.

"भातेराव, अहो भातेराव!"

"काय... फुस्स... गं... फुस्स... डुबके?"

"माझा टब झाला वाकडा,
मावशी पंजा बसवेना,
कानस गंज काढेना,
लोहार धार लावेना.
तुम्ही वारा घालाल ना?"

भाता म्हणाला, "माझं पोट... फुस्स... फाटलंय. सुई टाका मारेल... फुस्स... तरच मी वारा घालेन."

एवढं बोलून तो दमला. आडवा झाला.

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

टप्पक टप्पक टप्पक.

सुई होती डबीत. मोठी, जाड सुई. एक डोळा उघडा. दुसरा? सुईला दुसरा डोळाच नसतो.

"सुईताई, ए सुईताई!"

"काय गं डुबके?"

"माझा टब झाला वाकडा,
मावशी पंजा बसवेना,
कानस गंज काढेना,
लोहार धार लावेना,
भाता वारा घालेना.
तू टाका मारशील ना?"

सुई म्हणाली, "दोऱ्याशिवाय? मग नुसती भोकं पडतील. भाता आणखी फुसफुसेल. म्हैस दोरा देईल, तरच मी टाका मारेन."

"दोरा म्हशीकडे कसा?"

"शिंगाला गुंडाळून फिरते ती."

"का बरं?"

"तिला वाटतं, ती त्यात छान दिसते."

"बसणार नाही, रडणार नाही,
टब मिळाल्याशिवाय हटणार नाही!"

टप्पक टप्पक टप्पक.

आता डुबकीचे पाय दुखायला लागले. मागचे दोन. मग पुढचे दोन. तरी टप्पक. टप्पक. टप्पक.

म्हैस चिखलात बसली होती. शिंगाला दोरा. दोऱ्याची छान गाठ. गाठीचं छान फूल.

"म्हशीबाई, अहो म्हशीबाई!"

"काय गं डुबके?"

"माझा टब झाला वाकडा,
मावशी पंजा बसवेना,
कानस गंज काढेना,
लोहार धार लावेना,
भाता वारा घालेना,
सुई टाका मारेना.
तुम्ही दोरा द्याल ना?"

म्हैस रवंथ करत राहिली. चवड चवड. चवड चवड. बराच वेळ. मग म्हणाली,

"देईन की."

डुबकी आनंदानं उडाली. टप्पक!

"पण आधी आंघोळ," म्हैस म्हणाली.

"करा आंघोळ!"

"टबात."

डुबकी खाली आली. थप्प.

"कुठल्या टबात?"

"तुझ्या. सिंहाचे पाय असलेल्या. माझी फार दिवसांची इच्छा आहे."

"पण तो तर वाकडा आहे!"

"मग सरळ कर," म्हैस म्हणाली. चवड चवड.

आता आली का पंचाईत! दोरा मिळाला तर टब सरळ होणार. आणि टब सरळ झाला तर दोरा मिळणार.

डुबकी टबापाशी आली. टब वाकडा. तीन कोपरे वर, एक कोपरा खाली.

"टबा," ती म्हणाली, "आता कोण उरलं रे?"

"तू," टब म्हणाला.

डुबकीनं विचार केला. एवढासाच केला. चिंचोक्याएवढ्या डोक्यात मोठा विचार मावत नाही.

मग ती टबाखाली शिरली. चौथ्या पायाच्या जागी जाऊन बसली. पोट फुगवलं.

फुग्ग. फुग्ग. फुग्ग.

टब हलला. करर्र. टब उचलला गेला. करर्र. टब झाला सरळ!

चिंचोक्याएवढ्या बेडकीनं म्हशीएवढा टब धरला? धरला.
कसा धरला? धरला म्हणजे धरला!

"या... म्हशीबाई..." डुबकी आतून म्हणाली.

म्हैस आली. डुल डुल डुल. टबात एक पाय टाकला. करर्र. दुसरा पाय टाकला. करर्र. तिसरा. चौथा. मग म्हैस टबात बसली.

डुबकीचे डोळे झाले बटाट्याएवढे.

गुलाबमावशी आली. तिनं बंबातलं गरम पाणी ओतलं. धो धो धो.

"मावशी, तू मदत करतेस?" डुबकीनं विचारलं.

"पाण्याला मी कुठे नाही म्हटलं होतं? तू पंजाचं विचारलंस."

म्हैस साबण लावत बसली.

"झालं का?" डुबकीनं विचारलं.

"पाठ राहिली."

खसा खसा खसा.

"झालं का?"

"कान राहिले."

खसा खसा खसा.

"आता झालं का?"

"शेपूट!"

डुबकीचे पाय चिखलात रुतले. पोट दुखलं. सोडून द्यावंसं वाटलं. सोडलं तर टब पडणार. म्हैस पडणार. दोरा गेला, टबही गेला.

डुबकीनं डोळे घट्ट मिटले. आणि हळूच, अगदी हळूच म्हणाली,

"बसणार नाही... रडणार नाही...
टब... मिळाल्याशिवाय... हटणार नाही!"

आणि नाही हटली.

"झाली आंघोळ!" म्हैस म्हणाली.

म्हैस उतरली. डुबकी बाहेर आली. थोडी चपटी झाली होती. पापडाएवढी. तिनं श्वास घेतला, आणि पुन्हा झाली चिंचोक्याएवढी. मागे टब पडला वाकडा. धप्प!

"हा घे दोरा," म्हैस म्हणाली. "फूल सोडवलं मी. मन मोठं आहे माझं."

मग काय!

म्हशीनं दोरा दिला. सुळ्ळ!
दोरा मिळताच सुईनं टाका मारला. टुच्च टुच्च!
टाका पडताच भात्यानं वारा घातला. हुप्प फूऽऽ!
वारा लागताच भट्टी पेटली. मांजर पळालं. म्याऽऽव!
भट्टी पेटताच लोहारानं धार लावली. ठाण् ठाण्!
धार लागताच कानशीनं गंज काढला. खर्र खर्र!
गंज निघताच मावशीनं पंजा बसवला. ठक ठक ठक!

टब राहिला उभा. सरळ. चार पायांवर.

"डुबके," टब म्हणाला, "माझे तीन पाय पुढं बघतायत. हा एक मागं का बघतोय?"

सगळ्यांनी वाकून बघितलं.

मावशीनं पंजा उलटा बसवला होता.

"चहा गार झाला ना, म्हणून," मावशी म्हणाली. तिनं पंजा काढला. फिरवला. पुन्हा बसवला. ठक ठक ठक!

आता मावशीला जोर चढला. तिनं टब घासला. बाहेरून घासला, आतून घासला. मग रंगाचा एक हात दिला.

"मारू उडी?" डुबकीनं विचारलं.

"वाळू दे."

दुसऱ्या दिवशी दुसरा हात.

"मारू उडी?"

"वाळू दे."

तिसऱ्या दिवशी तिसरा हात.

"मारू..."

"वाळू दे म्हटलं ना!"

डुबकी टबासमोर बसून राहिली. वाळेपर्यंत. डोळे न हलवता.

टब झाला आतून पांढराशुभ्र. बाहेरून निळाशार. पंजे सोनेरी. आणि शेवटी मावशीनं टबाच्या सगळ्या नखांना नेलपॉलिश लावलं. लाल!

टब लाजला. "फार दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"शोभतंय," म्हैस म्हणाली. तिला कळतं असल्यातलं.

मावशीनं पाणी भरलं. काठोकाठ.

"मार आता," ती म्हणाली.

डुबकी काठावर चढली. टब इतका गुळगुळीत! पाय सटकला.

सुळ्ळऽऽऽकन...

डुबुक!

आणि मग पाण्यातून दोन डोळे वर आले. खूश डोळे.

सगळे टबापाशी जमले. म्हैस, लोहारदादा, मावशी. सुई, भाता, कानस.

"डुबके, येऊ का गं आम्ही आत?"

डुबकी म्हणाली, "हे घर आहे माझं. आधी पाय धुऊन या."

"पाय कुठे धुवायचे?" लोहारदादानं विचारलं.

"पाण्यात."

"पाणी कुठंय?"

"टबात."

"मग टबात येऊ?"

"आधी पाय धुऊन या!"

लोहारदादानं डोकं खाजवलं. मावशीनंही खाजवलं.

सुई म्हणाली, "मला तर पायच नाहीत!"

"मग तू ये," डुबकी म्हणाली.

सुई गेली आत. टिंग!

कानशीला पाय नाहीत. ती गेली आत. छपाक!

भात्याला पाय नाहीत. तो गेला आत. बुड बुड बुड!

लोहारदादा आणि मावशी घरी गेले पाय धुवायला.

राहिली म्हैस. तिनं आपले पाय मोजले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजले. तरी चारच.

म्हैस अजून तिथंच उभी आहे. विचार करतेय.

तिला हाक मारू नका हं. ती पुन्हा एकपासून मोजेल.