राजपुत्र अरिंदम आणि सेवक ज्योत

एका राज्यात थोरली राजकन्या कुमुद्वती तापाने वारली, आणि तिच्या धाकट्या भावाने, राजपुत्र अरिंदमाने, राजवाड्यातले सगळे दिवे फुंकून टाकले. "ताई नाही, तर उजेडही नको!" तो ओरडला. छपरावर बसलेल्या मांत्रिक विकर्णाने ते बोल हवेतच झेलले, त्यांचा शाप केला आणि राज्यावर सोडला. तेव्हापासून एकाही चुलीत विस्तव धरेना. मुले भिजवलेले धान्य चघळू लागली. राणीने तेही तोंडात घातले नाही. ती वाळत चालली.

"आता आईही जाईल," अरिंदम म्हणाला. "माझ्याच तोंडामुळे."

खिडकीत हळद्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, "रडून झाले असेल तर ऐका. सणाला जे घर रोज संध्याकाळी एकेक दिवा वाढवत नेते, तिथे हा शाप शिरत नाही. सीमेवर अशी दोन घरे आहेत. एकातून ज्योत आणा. दुसऱ्यात ती राखायला शिका. मग ती घरी लावा. घाई मात्र चालायची नाही, म्हणजे तुमचे कठीणच आहे."

पहिले घर यहुदी आजी सेगुलाबाईंचे. खिडकीत नऊ फांद्यांचे पितळी दीपदान तेवत होते. अरिंदमाने विचारलेही नाही. जवळच्या दिव्याला त्याने सोबत आणलेल्या कंदिलाची वात भिडवली. वात पेटली नाही.

"त्या आठ दिव्यांकडून काम करून घ्यायचे नसते, पोरा," आजी म्हणाल्या. "आमच्या मंदिरात एका दिवसाचे तेल आठ दिवस जळले, त्याची ती आठवण. ते नुसते बघायचे."

"मग मी रिकाम्या हाताने जाऊ?"

"मान वर कर. तो नववा. तो सेवक. बाकीच्यांना तोच पेटवतो."

"सेवक, आणि सगळ्यांत उंच?"

"तुमच्या वाड्यात उलटे असते, ठाऊक आहे मला," म्हणत आजी हसल्या आणि त्यांनी सेवकाची ज्योत कंदिलात दिली.

दुसरे घर ओडेसाबाईंचे. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून सागरापार नेऊन विकले होते. त्यांच्या सणाच्या दीपदानाला सात फांद्या. मधली मेणबत्ती काळी, एका बाजूला तीन लाल, दुसऱ्या बाजूला तीन हिरव्या. खाली चटईवर मक्याची कणसे.

"घरातल्या प्रत्येक लेकराचे एक," ओडेसाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरची मांडा."

अरिंदमाने एक कणीस ठेवले. कंदिलातली ज्योत तडफडली.

"लेकरे किती?"

"एकच. मी." ज्योत मोहरीएवढी झाली.

ओडेसाबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "माझ्या पणजीचा भाऊ बाजारात विकला गेला, राजा. पुन्हा दिसला नाही. त्याचे कणीस आम्ही अजून मांडतो. गेलेले लेकरू मोजायचे राहिले, की घराला विस्तव धरत नाही."

अरिंदमाने दुसरे कणीस उचलले. "हे कुमुद्वतीताईचे," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. ज्योत सरळ उभी राहिली.

घरी पोचताच त्याने वाड्यातल्या सगळ्या समया मागवल्या. त्याने भराभर चार पेटवल्या. चारही विझल्या, कंदील फडफडला.

"एक!" हळद्या किंचाळला. "आज एकच!"

अरिंदमाने दात आवळले. त्याने एकच समई लावली आणि तो हात मागे बांधून उभा राहिला. समई जळत राहिली. मग कंदील घेऊन तो स्वतः वेशीवर गेला. दारोदारच्या बायका काटक्या घेऊन आल्या. तो वाकून एकेकीची काटकी पेटवत राहिला. पहिल्या चुलीतून धूर निघाला तसा विकर्ण छपरावरून गडगडला आणि काजळी होऊन उडून गेला.

राणीने गरम पेज घेतली. वाटी पुन्हा पुढे केली.

राजा समईपाशी आला. लेक गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता. "एवढ्या समया असून एकच का रे लावलीस?"

"उद्या दुसरी लावू, बाबा."

"उद्या," राजा म्हणाला, आणि त्याने समईपाशी बसायला स्वतःसाठी पाट मागवला.