माद्रिदचा एक दिवस

“…मग फादर, माद्रिदला एक दिवस आणि बाकीचे सगळे बार्सिलोनाला, असं केलं तर त्यात चूक काय?”

वॉल्टर कोरियाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो पुढे बोलू लागला.

फादर इनास ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. चर्चच्या मागे, केळीच्या वाडीला लागून असलेल्या लहानशा घरात ते निवृत्तीनंतर एकटेच राहत. वय नव्वदीला टेकलेलं. डोळे अधू झाले होते, पण बोटं अजून शहाणी होती.

वॉल्टर त्यांचा शाळेतला विद्यार्थी. वसईच्या त्या पट्ट्यात इतकं हुशार पोर फादरांच्या हाताखालून दुसरं गेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त वॉल्टरला. पुढे तो गणिताचा मास्तर झाला, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. अडचण नीट मांडली की ती सुटते, यावर त्याचा विश्वास होता. आजही तो उत्तर घेऊनच आला होता. फादरांनी नुसती मान हलवायची होती.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको ब्रिजित बसली होती. आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. नवऱ्याशी तर रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेपासून ती अबोला धरून होती.

“मुळात दिवसच आठ,” वॉल्टर म्हणाला. “आई अंथरुणावर आहे. बहीण येऊन सांभाळते म्हणाली, पण तिला तेवढीच रजा. बार्सिलोनाला आमची ॲल्विना. तिला बाळ झालं तेव्हा आम्ही जाऊ शकलो नाही. जावई कामाला गेला की पोरगी दिवसभर एकटी. रात्रीची झोप नाही, वेळेवर जेवण नाही. तिथे आमची गरज आहे, फादर.”

“आणि माद्रिदला?”

“माद्रिदला…”

वॉल्टरने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

“माद्रिदला तसं थांबण्यासारखं काही नाही. दोन्हींच्या मध्ये वेगवान गाडी आहे. तीन तासही लागत नाहीत. सकाळी निघायचं, तिथलं काम उरकायचं, संध्याकाळी परत.”

“काम,” ब्रिजित म्हणाली.

एवढंच म्हणाली.

फादरांनी वालाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. तीही सोलायला लागली.

“तुला किती दिवस हवेत, ब्रिजित?”

“सगळे.”

“आणि ॲल्विना?”

“तिला नवरा आहे. सासू येऊन जाऊन असते. माझ्याशी रोज फोनवर बोलते ती.” ब्रिजितचा आवाज शांत होता. “त्याच्याकडे कोण जातं, फादर? त्या भिंतीत एवढासा कप्पा. वर शेजाऱ्याचं नाव, खाली शेजाऱ्याचं नाव. सगळ्यांच्या कप्प्याला फुलं. ॲल्विनाने फोटो पाठवला होता. त्याच्या कप्प्याला काही नाही.”

…

त्यांचा मुलगा माद्रिदच्या एका हॉटेलात आचारी होता. साथीच्या वर्षी तापाने गेला. विमानं बंद होती. त्याला आणता आलं नाही, आणि इथून कोणाला जाता आलं नाही. त्याला तिथल्याच दफनभूमीत, भिंतीतल्या एका कप्प्यात ठेवलं. ॲल्विनाने तिथून फोनवर दफन दाखवलं तेव्हा ब्रिजितने शेवटपर्यंत पाहिलं. वॉल्टर फोन तिच्या हातात देऊन वाडीत निघून गेला होता, आणि अंधार पडेपर्यंत केळीची सुकली पानं कापत राहिला होता.

पहिल्या वर्षी ब्रिजित घरात मुलाचं नाव घ्यायची. तिने नाव घेतलं की वॉल्टर उठायचा. कधी पाण्याची मोटर बघायला, कधी नुसताच. हळूहळू तिनेही घेणं सोडलं. नवऱ्याला हाकलायचं नव्हतं तिला. मग त्या घरात ‘माद्रिद’ हा एकच शब्द उरला.

“फादर, तुम्हीच सांगा,” वॉल्टर म्हणाला. त्याच्या आवाजात वर्गातली धार आली होती. “जे गेलं त्याला एक दिवस काय आणि आठ काय? त्याला फरक पडतो? आणि जे चार महिन्यांचं आहे, त्याला प्रत्येक दिवसाचा फरक पडतो. मी कठोर बोलतोय, पण चूक बोलतोय का?”

“नाही.”

वॉल्टरने ब्रिजितकडे पाहिलं.

“मग माद्रिदला एक दिवस. ठरलं?”

फादरांनी हातातला वाल सोलला आणि भांड्यात टाकला.

“माद्रिदला कोण आहे, वॉल्टर?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“सांग.”

“आमचा मुलगा.”

“तो कोण?”

वॉल्टरला हे आवडलं नाही. म्हातारपणाने फादर विसरत चालले असावेत, असं त्याने स्वतःला समजावलं. पण ते दोघं आल्या आल्या फादरांनी त्याच्या आईच्या दुखण्याची, बहिणीच्या बदलीची, अगदी वाडीतल्या पंपाचीही चौकशी केली होती. ते काही विसरलेले नव्हते.

“त्याचा बाप्तिस्मा तुम्हीच केलात, फादर.”

“हो. पाणी मी ओतलं.” ते थांबले. “नाव मात्र तू सांगितलंस. मी विचारलं, मग तू सांगितलंस.”

…

वॉल्टर उठला. “आईच्या औषधाची वेळ झाली. आम्ही पुन्हा कधीतरी…”

तेवढ्यात फादरही उठायला लागले. काठी भिंतीशी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांचा तोल गेला. वॉल्टरने पुढे होऊन त्यांना धरलं, आणि फादरांनी आपला सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला. आता त्यांना सोडून जाता येणार नव्हतं.

फादरांनी सदऱ्याला हात पुसले. मान वर केली. आणि चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी उभे राहून ते विचारायचे, अगदी त्याच चालीत, सावकाश विचारलं,

“या बाळाचं नाव काय ठेवता?”

वॉल्टरने मान दुसरीकडे वळवली.

त्याला तो दिवस दिसला. हातभर पोर, पांढरा झबला, ब्रिजितचा दमलेला चेहरा. हाच प्रश्न. आणि त्याने वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत आवाजात नाव सांगितलं होतं. मागच्या बाकांवरून हसू उठलं होतं. त्याला कसली लाज वाटली नव्हती तेव्हा. त्याला वाटलं होतं, साऱ्या गावाला ऐकू जाऊ दे.

“फादर, नको.”

फादरांचा खांद्यावरचा हात जड होत गेला.

वॉल्टरने तोंड उघडलं. त्याने वाडीकडे पाहिलं. तिथे कापण्यासारखी सुकली पानं पुष्कळ होती…

“रुबेन,” तो म्हणाला.

ब्रिजितची बोटं थांबली.

“रुबेन,” तो पुन्हा म्हणाला. आणि मग त्याला थांबता येईना. रुबेन, रुबेन… गुरुजींपुढे धडा म्हणणाऱ्या पोरासारखा तो फादरांना धरून उभा होता, आणि चष्म्याखालून पाणी गळत होतं. ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. फादरांना सोडलं असतं तर ते पडले असते.

ब्रिजित उठली. तिने आपल्या पदराने त्याचा चेहरा पुसला. मग दोघांनी मिळून फादरांना खाली बसवलं.

वाडीतून पाण्याच्या पाटाचा आवाज येत होता.

“मासे तळताना तो हळद जास्त घालायचा,” वॉल्टर म्हणाला. “मी रागवायचो.”

“तुम्हीच दोन तुकडे जास्त खायचात,” ब्रिजित म्हणाली.

“हॉटेलात तो काय शिजवायचा, मी कधी विचारलंच नाही.” वॉल्टर फादरांकडे वळला. आता त्याच्या आवाजात धार नव्हती. “फादर, एका दिवसात काय होणार? जाऊन फुलं ठेवून पळत यायचं? त्याची खोली बघायची आहे, कुठल्या रस्त्याने तो कामाला जायचा ते बघायचं आहे. त्याच्याबरोबर काम करणारं कोणी भेटलं तर… निम्मे दिवस तरी माद्रिदला हवेत.”

“नको,” ब्रिजित म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“मला एक दिवस पुरे आहे. तुम्ही सोबत असलात तर पुरे आहे. मी एकटीच तिथे बसणार म्हणून मला सगळे दिवस लागत होते.” तिने नाक ओढलं. “ॲल्विना थकली आहे हो. परवा फोनवर बोलता बोलता तिला झोप लागली. बाळ रडत होतं आणि मी इथून नुसती हाका मारत होते. आपण तिच्याकडे राहू.”

“अगं, पण तूच म्हणत होतीस—”

“म्हणत होते.”

“मग निदान तीन दिवस माद्रिदला.”

“एक.”

“दोन. बाळाला आणि ॲल्विनालाही बरोबर नेऊ. तिलाही आपल्याबरोबर भावाकडे येऊ दे.”

“एवढ्या लहान बाळाला गाडीने?”

“गाडीत मी घेईन त्याला.”

ब्रिजित त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने साथीच्या त्या वर्षापासून कोणाचं मूल मांडीवर घेतलं नव्हतं, तो हे म्हणत होता.

फादर इनास डोळे मिटून ऐकत होते. त्यांना झोप लागली असावी असं वॉल्टरला वाटलं. तो वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

“फादर, आमचं तर आता उलटंच होऊन बसलं. तिकीट आज काढायचं आहे. आधी कुठे उतरू? माद्रिदला, की बार्सिलोनाला?”

फादरांनी डोळे न उघडताच वालाच्या भांड्यात हात घातला.

“आता कुठेही उतरा.”